हात सोडण्याचे धडे

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
स्किप्टनच्या मेथडिस्ट हॉलमध्ये
हीटर दोन, चालू एक,
आणि हिरव्या कापडाची सहा टेबलं.

ईनिड थ्वेट पत्ते पिसत नाही,
टेबलभर पसरते, दोन्ही तळव्यांनी ढवळते
आणि गोळा करते, निवडलेल्या तांदळासारखे.
चाळीस वर्षं तिने मेंढ्यांच्या लिलावात आकडे लिहिले.
कुठली कोणाकडे गेली, किती राहिल्या,
मान वर न करता तिला कळायचं.
पत्त्यांचंही तेच :
गेलेलं पान सगळ्यांनाच दिसतं, म्हणते,
उरलेलं कोण बघणार?

पहिल्या दिवशी तिने विचारलं, लहानपणी काय खेळायचीस?
मेंढीकोट, म्हटलं. त्यात दश्शी म्हणजे मेंढी,
चारही पकडल्या की कोट.
ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.
मग म्हणाली, ते विसर.
इथे पकडण्याआधी सोडायला शिकायचं.

मला ते जमेना.
एक्का असताना दुर्री टाकायची?
समोरच्याला हात नेऊ द्यायचा, चांगला मिळणारा हात?
इचलकरंजीला आमच्या जिन्याखाली
असल्या भिडूला दुसऱ्या डावाला कुणी बसवलं नसतं.
ईनिडचं एकच पालुपद :
जे तीन हात जाणारच आहेत, ते आधी घालव.
उशीर केलास तर चौथाही घेऊन जातील.

मी मोजायला लागले.
बसमध्ये, दुधाच्या रांगेत,
प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या स्टँडला लावताना :
तेरांतली पाच गेली, डमीत तीन, माझ्याकडे दोन.
उरली तीन. कुणाकडे?
एकदा एका रुग्णाच्या नळीवर
मी जवळजवळ किलवर लिहिलं होतं.

फेब्रुवारीत एका रात्री
चार इस्पिक माझे.
भिडू ईनिड. तिची पानं उघडी, ओठ मिटलेले,
डमीने बोलायचं नसतं.
तीन हात मी आपणहून दिले,
एकेक, दाढ काढून दिल्यासारखा.
शेवटी तीन पानं राहिली :
माझ्याकडे हुकमाचं शेवटचं, बदामाची तिर्री, चौकटची राणी.
समोर बदामाचा एक्का, गुलाम
आणि चौकटची एक बिनकामाची चौकी.
डावीकडे मिस्टर ऑल्डरसन, निवृत्त पोस्टमन.
तो काय धरून बसलाय, मला पाठ होतं :
बदामाचा राजा, त्याची राणी, आणि चौकटचा राजा.
अख्खा दरबार, आणि जागा दोघांना.

मी हुकूम टाकला.

त्याचा अंगठा एका राजावर गेला,
मग दुसऱ्यावर, मग परत.
जन्मभर बिनचूक पत्रं टाकलेला माणूस,
आता दोन फाटकं समोर,
कुठलंही उघडलं तरी आत कुत्रा.
त्याला कुणी मारलं नव्हतं, फसवलं नव्हतं,
फक्त काहीतरी टाकायचं होतं, आणि टाकण्याजोगं काही नव्हतं.
हे तोंड मी कुठे पाहिलंय,
ते आठवायच्या आत
त्याने चौकटचा राजा खाली ठेवला, हलकेच,
आवाज होऊ नये म्हणून.

माझी राणी त्यानंतर मोठी झाली.
दहा हात.

ईनिडने पत्ते गोळा केले.
पाचव्या हाताला किलवरची सत्ती आधी काढायला हवी होती,
एवढंच म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर पाणी काचेसारखं गोठलेलं.
ती कठड्यापाशी थांबली,
न विचारता माझा हात धरला.
आम्ही उतरलो. सात पायऱ्या, मी मोजल्या.
खाली फरशी कोरडी होती
तरी मी धरूनच होते.
पत्त्यांतल्या त्या जिंकण्यालाही आम्ही हातच म्हणतो,
हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

"सोड आता," ती म्हणाली, "गाडी तर इथेच आहे."

सोडला.
वेळेवर की उशिरा,
विचारायचं राहून गेलं.